प्रकरण अकरावे : मधलं चाक

तोफ बसत नाही, ही बातमी सकाळी सव्वाआठला आली आणि ती आधी कोणाच्या दारात सांगायची यावर सात मिनिटं गेली.

यात कप्तानाचा दोष नव्हता. यंत्रकामाची कुठलीही गोष्ट कारखान्याच्या दोन्ही घरांना एकाच वेळी कळवावी, म्हणजे कोणाचा मान राहिला आणि कोणाचा गेला असं होणार नाही, असा वसाहतीच्या संरक्षण समितीचा ठरावच होता. फक्त एकाच वेळी दोन दारं वाजवू शकेल असा माणूस समितीकडे नव्हता. शेवटी कप्तान बोळात मधोमध उभा राहिला आणि त्यानं शिट्टी फुंकली. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत तो शाळेत कवायत शिकवत होता. पाहुणे येणार हे नक्की झाल्यावर समितीनं घाईघाईनं सैन्य उभं केलं, आणि शिट्टी त्याच्याकडेच होती म्हणून कप्तानही तोच झाला.

'पाहुणे' हा शब्द आत्याचा. वरून येणाऱ्या यानांच्या ताफ्यानं आधी एक लांबलचक संदेश पाठवला होता. त्यात 'तुमचं संरक्षण' हे शब्द नऊ वेळा होते आणि 'तुमचा बर्फ' हे एकदाच, पण अगदी शेवटी. जो न बोलावता येतो, किती दिवस राहणार ते सांगत नाही आणि पोचायच्या आधीच कोठीच्या किल्ल्या मागतो, त्याला दुसरं काय म्हणायचं, असं आत्यानं विचारलं होतं. तेव्हापासून सगळी वसाहत त्यांना पाहुणेच म्हणू लागली, समितीच्या इतिवृत्तातसुद्धा.

शिट्टी ऐकून सगळ्यांत आधी आत्याच बाहेर आली, कारण तिची खोली बोळातच होती. चौदा वर्षांपूर्वी तिच्या दोघा भावांनी बाबांच्या कारखान्याची वाटणी करून मधे भिंत घातली, तेव्हा हा बोळ कोणाचा यावर एकमत होईना, म्हणून तो तसाच राहून गेला. बहीण कोणाकडे, हा प्रश्न तर निघालाच नाही. तीही बोळात राहून गेली. खडकात कोरलेला वीस पावलांचा बोळ, एका टोकाला हवाबंद दरवाजा, दुसऱ्या टोकाला आत्याची खोली, मधे तारेचा फोन आणि भंगाराचं पिंप, एवढीच काय ती दोन्ही घरांची सामाईक इस्टेट.

डावीकडून थोरले आले, पाठोपाठ मोठी वहिनी. उजवीकडून धाकटा आला, पाठोपाठ त्याची बायको, म्हणजे धाकटी. चौघांनीही कप्तानाकडे पाहिलं. एकमेकांकडे पाहायची त्या घरात पद्धत राहिली नव्हती.

"नट बसत नाही," कप्तान म्हणाला. "खालच्या बाजूला."

आता हे कुठल्या तोफेचं चाललंय ते सांगायला हवं, कारण ती तोफ नव्हतीच. बर्फाच्या लाद्या वर फिरणाऱ्या टाक्यांकडे भिरकावणारा तो जुना फेकनळा होता. तोच नळा आडवा केला तर तीच लादी उतरणाऱ्या यानावर बसेल, हे समितीच्या बाराव्या बैठकीत कोणाच्या तरी लक्षात आलं. आडवा करायचा तर खाली फिरती बैठक हवी आणि वर नळा धरायला पाळणा. समितीनं बैठक थोरल्यांना दिली आणि पाळणा धाकट्याला, म्हणजे कोणी रुसायला नको. दोघांनी काम वेळेत दिलं आणि दोघांचं काम उत्तम होतं. उद्घाटनाच्या दिवशी मात्र नळा उभाच ठेवला, कारण उभा नळा फोटोत रुबाबदार दिसतो. आज सकाळी तो पहिल्यांदा आडवा केला, पाळण्याचा दांडा बैठकीच्या खुंटाला आवळायला घेतला, आणि मग कळलं की दांड्याला सुलटे आटे आहेत आणि खुंटाला उलटे.

वसाहतीतल्या कुठल्याही शाळकरी पोरानं हे आधीच सांगितलं असतं. थोरल्यांच्या कारखान्यात चौदा वर्षं फक्त उलटे आटे निघत होते आणि धाकट्याच्या कारखान्यात सुलटे. त्यामुळे अर्ध्या वसाहतीत नळ उजवीकडे फिरवला की बंद होई, आणि उरलेल्या अर्ध्या वसाहतीत तसाच फिरवला की उघडे. लग्न होऊन पलीकडे गेलेल्या मुलींचे हात पहिले सहा महिने गरम पाण्यानं भाजत. थोरले याला तत्त्व म्हणत. उलटा आटा हादऱ्यानं सुटत नाही, असं ते सांगत, आणि ऐकणारा मान डोलवी, कारण त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा हात भाजलेला परवडे.

"त्याला सांगा," थोरले कप्तानाला म्हणाले, "बैठक नकाशाप्रमाणे आहे."

"त्यांना सांगा," धाकटा कप्तानाला म्हणाला, "नकाशात उलटे आटे दाखवलेले नाहीत."

"त्याला म्हणावं, सुलटेही दाखवलेले नाहीत."

"नकाशात नुसतं 'आटे' लिहिलंय," कप्तान म्हणाला. "मी बघून आलोय."

तेवढ्यात फोन वाजला. आत्यानं घेतला, आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून कर्णा मोठा केला. चौकीवरून ठिणगी बोलत होती. ठिणगी म्हणजे आत्याची एकुलती एक, तेवीस वर्षांची. आत्या सातव्या महिन्यातही ग्राइंडरवर उभी होती आणि कळा तिथंच सुरू झाल्या, म्हणून हे नाव पडलं. चौकीवरच्या पाच जणांत लादीच्या नेमाचं गणित तिला एकटीलाच येत होतं, म्हणून तोफ तिच्याकडे होती.

"आई, मामा आहेत का तिथं?"

"दोघंही आहेत. शेजारी शेजारी उभे आहेत."

"बापरे," ठिणगी म्हणाली. "म्हणजे खरंच युद्ध आहे."

धाकटीला हसू फुटलं. मोठ्या वहिनीनं तिच्याकडे पाहिल्यावर तिनं त्याचा खोकला केला.

"ऐक आई. पाळणा आम्ही साखळ्यांनी बांधलाय. पहिली लादी जाईल. दुसरीला साखळ्या तुटणार आणि नळा मागे येणार."

"मागे म्हणजे कुठं?"

"मागे म्हणजे आमच्यावर."

"यानं किती?"

"तीन. बाराच्या सुमारास पठारावर उतरतील. त्यांना पहिलं दार चौकीचंच लागतं."

"मग दार सोडा आणि आत या."

"आम्ही दार सोडलं तर पुढचं दार शाळेचं आहे, आई," ठिणगी म्हणाली. तिचा आवाज शांत होता, आणि तो तसा शांत ठेवायला तिला किती कष्ट पडताहेत ते बोळात फक्त आत्याला ऐकू आलं.

कप्तानाला फोनवर काही सांगायचं होतं. ते सांगून त्यानं रिसीव्हर पेटीवर नुसताच टेकवून ठेवला, न जाणो परत लागला तर म्हणून.

"गाडीला चौकीपर्यंत चाळीस मिनिटं लागतात," आत्या म्हणाली. "म्हणजे पावणेअकराला काहीतरी हातात हवं. नवा खुंट होणार नाही, नवा दांडाही होणार नाही. एक जाड नळकांडं करायचं. एका तोंडाला आतून उलटे आटे, दुसऱ्या तोंडाला सुलटे. मधोमध धरून फिरवलं की दोन्ही बाजू एकदम आवळतात."

भावांनी ते नळकांडं मनातल्या मनात फिरवून पाहिलं. दोघंही कारागीर होते, आणि बरोबर गोष्ट ऐकली की कारागिराचं तोंड आपोआप बंद होतं. पण ते फार वेळ बंद राहत नाही.

"दीड वितीचं नळकांडं माझ्या लेथवर बसत नाही," धाकटा म्हणाला. "मोठं लेथ पलीकडे आहे. पण पलीकडे सुलटे आटे कापणार कसे? तत्त्व आड येईल ना."

थोरल्यांचे कान लाल झाले. "निघत नाहीत," ते म्हणाले.

"काढत नाही, असं म्हणा," मोठी वहिनी म्हणाली.

"निघत नाहीत!" थोरले ओरडले. "मधलं चाक नाही. ते चाक असेल तर लेथ दोन्ही बाजूंनी आटे कापतं. ते नसेल तर फक्त उलटे निघतात. चौदा वर्षं चाक नाहीये माझ्याकडे!"

धाकटा भिंतीला टेकून हसायला लागला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "म्हणजे तत्त्व नव्हतंच! अर्धी वसाहत चौदा वर्षं हात भाजून घेतेय, आणि आमच्या दादाचं एक चाक हरवलंय!"

"हरवलं नाही. तू नेलंस."

"मी?" धाकट्याचं हसू गेलं. "वाटणीत चाकांचं खोकं माझ्याकडे आलं. यादीत सतरा चाकं, खोक्यात सोळा. मी समजलो सतरावं तू दाबून ठेवलंस."

"मी दाबलं असतं तर लेथला लावलं नसतं का, मूर्खा?"

हा प्रश्न चौदा वर्षांपूर्वी विचारला असता तर भिंतीच्या विटा वाचल्या असत्या. पण तेव्हा दोघांनी एकमेकांना आधी चोर म्हणून घेतलं, आणि चोराशी बोलायचं नसतं एवढं वळण बाबांनी दोघांनाही लावलं होतं. आज ते कप्तानाला मधे न घालता एकमेकांशी थेट बोलत होते, हेही कोणाच्या लक्षात आलं नाही.

चाक आत्याकडे होतं.

बाबांनी तिघांनाही लेथ शिकवलं होतं, आणि हात सगळ्यांत चांगला मधलीचा, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. वाटणीच्या दिवशी यादी वाचली गेली. दोनशे बारा वस्तू होत्या. लेथ थोरल्याला, चाकांचं खोकं धाकट्याला, भट्टी थोरल्याला, ऐरण धाकट्याला. आत्या तेव्हा नुकतीच नवरा गमावून लेकीला घेऊन परत आली होती. यादी संपली तरी तिचं नाव आलं नाही. "तुला काय, आम्ही दोघं आहोत ना," थोरले म्हणाले, आणि जागेच्या वाटणीची खूण करायला टेपचं दुसरं टोक त्यांनी तिच्या हातात दिलं. तिनं ते धरलं. त्याच संध्याकाळी तिनं लेथचं झाकण उघडलं, तळहाताएवढं मधलं चाक काढलं आणि एप्रनच्या खिशात टाकलं.

तिचा हिशेब साधा होता. दोन दिवसांत चाक नाही हे कळेल, शोधाशोध होईल, तिला विचारतील, आणि मग ती आपल्याला काय वाटलं ते सांगेल. कळलं दोन दिवसांतच. शोधाशोधही झाली. फक्त तिला कोणी विचारलं नाही. ती चाक घेऊ शकते हेसुद्धा कोणाच्या डोक्यात आलं नाही, इतकी ती त्या घरात गृहीत होती. भावांनी एकमेकांचे कपडे फाडले आणि तिसऱ्या दिवशी विटा आल्या. त्यानंतर सांगायचं म्हणजे काय सांगायचं? दर वर्षी एकदा ती चाक बाहेर काढून तेल लावी, स्वतःला चार शिव्या घाली आणि परत जुन्या फडक्यात गुंडाळून ठेवी.

"मी जरा बघते कुठं मिळतंय का," आत्या म्हणाली आणि खोलीत गेली.

तिथं तिनं सरळ चाक घेऊन बाहेर यायला हवं होतं. पण चौदा वर्षांचं खोटं एका मिनिटात सोडायला जीव धजत नाही. तिला वाटलं, चाक कोणालातरी सापडलं म्हणजे झालं, कोणी टाकलं ते लढाईनंतर बघता येईल. भाऊ तावातावानं भांडत होते तेवढ्यात ती पदराआड चाक घेऊन आली आणि भंगाराच्या पिंपात अलगद सोडून दिलं. पिंप सामाईक होतं, म्हणजे कोणाचंच नव्हतं. तिला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं.

एवढी हुशार बाई समितीचा ठराव मात्र विसरली. पिंपावरून भांडणं नकोत म्हणून ते एक आठवडा थोरल्यांचं, एक आठवडा धाकट्याचं असं ठरलेलं होतं, आणि हा आठवडा धाकट्याचा होता.

"सापडलं!" मोठी वहिनी ओरडली. ती भांडणात भाग घेतानाही हातानं काहीतरी शोधत राहणारी बाई होती. चाक तिनं वर धरलं. "बघा! आणि हे पिंप या आठवड्यात कोणाचं? बोला ना जाऊबाई, कोणाचं?"

"आमचं," धाकटी म्हणाली. "पण मी कालच रिकामं केलं. त्यात एवढं चाक असतं तर माझ्या पायावर पडलं असतं."

"म्हणजे कालनंतर टाकलं. ज्याच्याकडे होतं त्यानं."

धाकटी नवऱ्याकडे वळली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, आणि तिनं जो प्रश्न विचारला तो हळू आवाजात विचारला, त्यामुळे तो सगळ्यांना ऐकू गेला. "अहो, तुम्ही खरंच...?"

धाकट्यानं एप्रन काढला, नीट घडी केली आणि पिंपावर ठेवला. "छान," तो म्हणाला. "बायकोसुद्धा. आता चोराच्या हातचं काम कशाला घेता? कापा तुमचं तुम्ही."

तो उलट्या खोक्यावर जाऊन बसला. सुलट्या आट्यांची हत्यारं आणि मापं त्याच्या कपाटात होती आणि कपाटाची किल्ली त्याच्या खिशात. कप्तानानं शिट्टी वाजवली. तिचा परिणाम शाळेत व्हायचा तेवढाही झाला नाही. थोरले म्हणाले की चोर तर चोर आणि वर शिरजोर. मोठी वहिनी म्हणाली की ती हे पहिल्या दिवसापासून सांगत होती. धाकटी रडायला लागली. घड्याळात पावणेनऊ झाले होते.

आत्यानं घड्याळाकडे पाहिलं आणि तिला त्या नळ्याखाली उभी असलेली पोर दिसली.

"चाक मी घेतलं होतं," ती म्हणाली.

"वन्सं, भावाला वाचवायला खोटं बोलू नका," मोठी वहिनी म्हणाली.

"खोटं चौदा वर्षं बोलले, वहिनी. आता खरं सांगतेय. दादा, दातांवर बोट फिरव. पडून राहिलेल्या चाकाला इतकं ताजं तेल असतं का? मी लावते. ज्या दिवशी तुम्ही वाटणीची खूण केली, त्या दिवशी मीच काढलं. आत्ता पिंपातही मीच टाकलं."

थोरल्यांनी दातांवरून बोट फिरवलं. तेल होतं.

"का?" खोक्यावर बसल्या बसल्या धाकट्यानं विचारलं.

"दोनशे बारा वस्तू वाचल्यात. मी समोर उभी होते. बाबांनी मलाही शिकवलं होतं ना रे?"

"मग मागायचंस!" थोरले म्हणाले.

"मागायला लागू नये असं वाटत होतं." आत्याचा आवाज फाटला. "मी चुकले. माझ्यामुळे भिंत उभी राहिली. रोज म्हटलं उद्या सांगेन, आणि रोज भ्याले. मला काय म्हणायचं ते मागाहून म्हणा, घराबाहेर काढा, पण आधी कापा. माझी पोर त्या नळ्याखाली उभी आहे."

मग थोरल्यांनी धाकट्याकडे पाहिलं आणि धाकट्यानं थोरल्यांकडे. आणि अशा रीतीनं चौदा वर्षांनी त्या घरात एकी झाली. ती बहिणीविरुद्ध झाली, पण एकी ती एकीच.

"ऊठ," थोरले म्हणाले. "किल्ली काढ."

"चल दादा," धाकटा म्हणाला. आत्यासमोर तो क्षणभर थांबला. "तू लेथला हात लावायचा नाहीस, ताई."

दोघं आत गेले आणि दार लावून घेतलं. मोठी वहिनी आणि धाकटी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या आणि नणंदेकडे अशा नजरेनं पाहू लागल्या की जणू त्या जन्मापासून सख्ख्या बहिणी होत्या. आत्या फोनच्या पेटीखाली जमिनीवर बसली. आतून लेथचा आवाज येऊ लागला, आणि मधूनमधून भावांचे आवाज.

"पट्टा अजून तोच?"

"तोच."

"कुरकुरतो."

"मग कुरकुरू दे."

पाऊण तासात उलटी बाजू झाली. थोरल्यांचा हात त्या कामात बसलेला होता. मग चाक बसवल्याचा आवाज आला, लेथ पुन्हा सुरू झालं, आणि आत्या ताठ झाली. उलटा आटा कापताना हत्यार आतून बाहेर येतं, त्यामुळे थांबायची काळजी नसते. सुलट्याला ते बाहेरून आत जातं आणि नेमक्या ठिकाणी रोखावं लागतं. थोरल्यांना चौदा वर्षं रोखायची वेळच आली नव्हती, आणि धाकट्याला या लेथची खोड माहीत नव्हती. ती उठून दारापर्यंत गेली तोच आतून काडकन आवाज झाला.

दार उघडलं. थोरल्यांच्या हातात तुटलेलं हत्यार होतं. नळकांडं वाचलं होतं. पावणेदहा वाजले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, फक्त एक पाऊल बाजूला झाले. आत्या आत गेली, नवं हत्यार लावलं, आणि पुढचा पाऊण तास तिनं डोळ्यांची उघडझापही मोजून केली. माप घेताना धाकट्यानं दिवा धरला. दहा पस्तीसला कप्तान नळकांडं छातीशी धरून गाडीकडे पळाला, आणि या वेळी शिट्टी वाजवायला विसरला.

बारापर्यंतचा वेळ कसा गेला ते पाचांपैकी कोणालाच नंतर सांगता आलं नाही. बाराला पाच मिनिटं कमी असताना पहिला हादरा आला. जमिनीतून आला, पायांना कळला. आत्या मोजत होती. दुसरा हादरा आला. तिनं भिंतीला हात लावला. मग तिसरा आला, चौथा, पाचवा, ठरावीक अंतरानं, घाई न करता. नळा मागे आला नव्हता.

पेटीवरच्या रिसीव्हरमधून आरडाओरडा ऐकू येऊ लागला. तो आनंदाचा आहे हे कळायला थोडा वेळ लागला. आत्यानं तो कानाला लावला.

"बसलं, आई! घट्ट बसलं! एक फुटलं, दोन परत वर गेली. आम्ही पाचही जण आहोत."

आत्या रडत होती आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. मागे थोरल्यांनी धाकट्याला मिठी मारली. मोठी वहिनी "आमच्या बैठकीनं धरलं," म्हणाली, आणि धाकटी "आमच्या पाळण्यानं," म्हणाली, आणि चक्क कोणी कोणावर चिडलं नाही.

"आई, अजून आहेस का?"

"आहे गं."

"तुमचा फोन सकाळपासून उघडाच होता. इथं सगळं ऐकू येत होतं." ठिणगीनं आवाज खाली आणला. "शेजारच्या भिंतीपलीकडे माझी चार मामेभावंडं होती, आई. एकाच्या दारात उभं राहिलं की दुसरा मामा दिवसभर बोलायचा नाही. मी नऊ वर्षांची असल्यापासून. मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय. तू मला बघत होतीस ना?"

"बघत होते."

"आणि चाक तुझ्या खोलीत होतं."

"हो."

"मी घरी आले की तुझ्याशी भांडणार आहे. नीट समोर बसून. फोनवर नाही."

"ये," आत्या म्हणाली. "तू ये तर खरी."

"आत्ता नाही येता येणार. मागे आणखी नऊ यानं आहेत, उद्या पोचतील. या नळकांड्याचे आटे वीस लाद्यांत झिजतील. उद्या सकाळपर्यंत सहा पाहिजेत." आणि फोन बंद झाला.

आत्यानं रिसीव्हर जागेवर ठेवला, डोळे पुसले आणि कारखान्याच्या दाराशी आली. दोन्ही भाऊ लेथपुढे खांद्याला खांदा लावून उभे होते. थोरल्यांनी हत्यार हातात घेतलं होतं, धाकट्यानं दिवा. ती आलेली पाहून दोघंही सरसावून दारासमोर एकदमच उभे राहिले.

"सहा पाहिजेत ना? ऐकलं आम्ही," थोरले म्हणाले. "पुढचं आम्ही दोघं बघून घेऊ. तुझा आता या लेथशी संबंध नाही."

"दादा म्हणतो ते बरोबर आहे, ताई," धाकटा म्हणाला.

"सरका," आत्या म्हणाली. "पोरीला घरी येऊन माझ्याशी भांडायचंय."